शोकप्रस्तावाआधीचा हिशेब



संमेलनाचं अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानायची रीत आहे, ती पाळतो. दुसरी एक रीत मात्र मोडणार आहे. अशा भाषणात मधल्या काळात गेलेल्या लोककलावंतांची नावं घ्यायची, प्रत्येकाला ‘सम्राट’, ‘सम्राज्ञी’, ‘महर्षी’ असं काहीतरी चिकटवायचं, त्यांच्या जाण्यानं एक युग संपलं म्हणायचं आणि घसा खाकरून मराठीच्या अभिजात दर्जाकडे वळायचं, असा शिरस्ता पडला आहे. युग संपल्याचं ते विधान खोटं आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. आणि ते निरुपद्रवी खोटं नाही. माणूस वयानं जातो, आजारानं जातो, त्यात कुणाचा अपराध नसतो. कला मात्र एका देहात राहत नाही. ती गाणाऱ्या बाईइतकीच तिच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याच्या गळ्यात असते, ढोलकीवाल्याच्या बोटांत असते आणि खरं बोलायचं तर सुपारी ठरवायला आलेल्या गावकऱ्यांच्या पाकिटातही असते. ती संपते तेव्हा कुणीतरी काहीतरी केलेलं असतं किंवा करायचं टाळलेलं असतं. माणसाचं मरण आणि कलेचं मरण एकाच वाक्यात गुंडाळलं की दुसऱ्या मरणाचा जाब विचारायचा राहून जातो. आपल्या शोकसभा नेमकं हेच करतात.

एक तारीख घेऊ. १५ मे २०१८ या एकाच दिवशी महाराष्ट्रानं दोन माणसं गमावली. बैठकीच्या लावणीच्या यमुनाबाई वाईकर गेल्या, वयाच्या १०२व्या वर्षी. आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे गेले. दोघंही पद्मश्री. दोघांबद्दलही आपण तेच बोललो. पण वारली चित्रकलेचं कुठलं युग संपलं? म्हसे यांच्या आधी ही चित्रं लग्नघरात, कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं सवाशिणी काढत. लग्नचौकात पालघाट देवी बसे, लग्न पार पडलं की चित्राचं कामही संपे. पुरुषानं ते काढायचा रिवाज नव्हता. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारखा चित्रकार तिथल्या पाड्यांवर पोचला, कागद आला, कॅनव्हास आला, विकत घेणारा आला आणि म्हसे यांनी ती रेघ लग्नाच्या चौकातून बाहेर काढून शेतात, मासेमारीच्या जाळ्यात, तारप्याभोवती फेर धरणाऱ्या माणसांत नेली. त्यांचे मुलगे चित्रं काढतात. त्या पट्ट्यातली कितीतरी तरुण मुलंमुली काढतात, त्यावर घर चालवतात. कुर्त्यांवर, कपांवर, स्टेशनांच्या भिंतींवर ही चित्रं कोण फुकटात छापतं हे भांडण वेगळं आहे, त्याकडे येईन. पण म्हसे गेले त्या दिवशी ही कला मरणपंथाला लागलेली नव्हती. ती त्यांच्या जन्माच्या वेळी होती त्याहून कितीतरी पसरलेली होती.

आता यमुनाबाईंच्या वाईकडे या. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते आणि बसूनच अदा करते. ती एक ओळ घेते. समजा, त्या ओळीत नुसतं वाट पाहणं आहे. ती ओळ पहिल्यांदा रागानं येते, दुसऱ्यांदा लटक्या रागानं, मग थकून, मग स्वतःचीच थट्टा करत. शब्द तेच, चाल तीच. बदलते ती भुवई, मनगट, पदराचं टोक आणि स्वराला दिलेला हेलकावा. ठेका धरणारा तिच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो, कारण पुढची अदा किती मात्रांची होणार हे तिलाही आधी ठाऊक नसतं. हे यायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत शिकणारीच्या आणि साथ करणाऱ्याच्या पोटाला कुणीतरी घालावं लागतं. पूर्वी ते वाड्यावरच्या बैठकींनी आणि संगीतबारीच्या थिएटरांनी घातलं. त्या व्यवस्थेत शोषण होतं, ते मी झाकणार नाही. ती मोडली, बरंच झालं. पण तिच्या जागी आपण काय उभं केलं? यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७७ साली मिळाला आणि पद्मश्री २०१२ साली, वयाच्या ९६व्या वर्षी. मधल्या पस्तीस वर्षांत, जेव्हा त्यांचा गळा होता, स्मरण होतं, तेव्हा बैठकीच्या लावणीची एक कायमची शाळा, पगारी गुरू आणि पगारी साथीदार असलेली, या श्रीमंत राज्याला काढता आली नाही. एकाच दिवशी गेलेली दोन माणसं. एकाची कला पसरली, एकीची आकसली. दोघांच्या थोरवीत डावं-उजवं नव्हतं. फरक होता तो पाठीमागे उभ्या केलेल्या किंवा न केलेल्या व्यवस्थेत.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, लावणी आकसली कुठे? आज लावणीच्या नावाखाली मैदानं भरतात, पोलीस बंदोबस्त लागतो, मोबाइलवर लाखो लोक ती बघतात. बरोबर आहे, भरतात. फक्त त्या रंगमंचावर कोण उभं आहे ते मोजा. नाचणारी मुलगी आहे. तिला मी एका शब्दानं बोल लावणार नाही. ती कष्ट करते आणि चार घरं पोसते. पण तिच्या मागे ढोलकी नाही, पेटी नाही, गाणारी नाही, झील नाही. स्पीकरच्या भिंती आहेत आणि पेन ड्राइव्ह आहे. ज्या फडात एका रात्रीला शंभरावर माणसं पोटाला लागत, तिथे आता पाच-सहा पुरतात. गण, गौळण, बतावणी, वग या रचनेतून वाचला तो फक्त नाच. वग तर बहुतेक कागदावर कधी नव्हताच. तो सरदाराच्या आणि सोंगाड्याच्या तोंडी होता, आणि गावातल्या सकाळच्या भांडणातलं वाक्य रात्री त्यात येत असे. गर्दी मोजून कला जिवंत आहे म्हणणं म्हणजे आपल्याला काय हरवलं हे मोजायचंच नाही, असं ठरवणं आहे.

करोनाच्या काळात माणसाचं आणि कलेचं, ही दोन मरणं अगदी शेजारी-शेजारी उभी होती, तरी आपल्याला दिसली नाहीत. २०२०च्या मे महिन्यात खंडोबाची आणि कुलदैवतांची गाणी घराघरांत नेणारे छगन चौगुले गेले. २०२१च्या एप्रिलमध्ये भारूडकार निरंजन भाकरे गेले. त्याच वर्षी २५ मे रोजी तमाशा कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. तिघंही करोनानं गेले. त्या विषाणूवर कुणाचा राग धरणार? पण त्याच दोन वर्षांत दुसरं काय झालं? तमाशाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि त्याची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांत होते. पाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, सुपाऱ्या ठरतात. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. २०२१चा पाडवा १३ एप्रिलला, आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यात कडक निर्बंध लागले. म्हणजे दोन हंगाम, त्यातले नेमके कमाईचे महिने, बुडाले. कलावंतानं फडमालकाकडून उचल घेतलेली, फडमालकानं सावकाराकडून. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराचं नाव निदान कुठल्यातरी हजेरीपटावर असतं. हलगी वाजवणाऱ्याचं कुठे होतं? तो कुठे गेला, कुठल्या बांधकामावर, कुठल्या ऊसतोडीच्या टोळीत, याची नोंद आपल्याकडे नाही. त्याच्यासाठी शोकप्रस्ताव झाला नाही, कारण तो मेला नव्हता. त्याचं वाजवणं थांबलं होतं, इतकंच. कांताबाईंच्या निधनानंतर ‘युग संपलं’ म्हणणाऱ्यांना त्यांचा फड त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर चालवतात याची आठवण नव्हती. युग संपलं म्हणून मोकळं झालं की त्या फडाला किती कर्ज आहे, हे विचारावं लागत नाही.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचा एक प्रसंग प्रत्येक व्याख्याता सांगतो. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. सभागृह टाळ्या वाजवतं. या गोष्टीचा इतका अभिमान वाटणाऱ्या समाजाला एक प्रश्न कसा पडत नाही? नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री उभं का राहावं लागलं? सुपारी घेतलेली होती म्हणून. खेळ मोडला असता तर पैसे परत करावे लागले असते म्हणून. समोर बसलेल्यांनी तंबू पेटवला असता तर विचारणारं कुणी नव्हतं म्हणून. जी कथा आपल्या निर्दयपणाचा पुरावा आहे, ती आपण तिच्या निष्ठेची कथा करून सांगतो. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदा सन्मान झाला, १९५७ साली आणि १९९० साली. शेवटच्या आजारपणात उपचारांच्या खर्चासाठी देणगीदारांकडे पाहायची वेळ आली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या आणि त्यानंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगला आहे. ज्यांना तो मिळाला ते सगळे योग्य आहेत. क्रम तेवढा पाहा.

सरकारची बाजू मांडणारे म्हणतील, काहीच केलं नाही असं कसं म्हणता? ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देणारी योजना आहे. खालच्या श्रेणीला महिना २२५० रुपये मिळत, २०२४ मध्ये श्रेणी काढून सरसकट ५००० रुपये केले. फडांना अनुदानाची योजना आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. हे सगळं खरं आहे आणि ज्यांनी भांडून ते मिळवलं त्यांचे उपकार आहेत. पण या सगळ्याचा रोख बघा. मानधन पन्नाशीच्या पुढे मिळतं, म्हणजे कलावंताचे गुडघे-गळा जायला लागल्यावर. ते त्याच्या औषधाला आहे, त्याच्या विद्येला नाही. पुरस्कार एकाला आहे, त्याच्या ताफ्याला नाही. गाणाऱ्या बाईला शाल मिळते आणि चाळीस वर्षं तिच्या श्वासाचा हिशेब ठेवणारा ढोलकीवाला खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतो. १९३०मध्ये कवी वळ्ळत्तोळ यांनी केरळ कलामंडलम् काढलं तेव्हा तिथे कथकळीच्या नटाबरोबर चेंडा आणि मद्दळं वाजवणारा, गाणारा, इतकंच काय, चेहऱ्यावर रंग चढवणाराही विद्यार्थी म्हणून घ्यायची पद्धत पडली. प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम, प्रत्येकाला गुरू. म्हणून तिथे एखादा थोर नट गेला तर लोक रडतात, पण खेळ थांबत नाही. दक्षिण कोरियानं १९६२ साली कायदा केला आणि पुढे ज्याला राष्ट्रीय मान द्यायचा त्याच्यावर शिकवायची जबाबदारीही टाकली, शिकणाऱ्याला विद्यावेतन दिलं. राजस्थानात कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी बोरुंदा नावाच्या खेड्यात १९६० साली रूपायन संस्था काढली आणि लंगा-मांगणियारांची गाणी, वाद्यं, वंशावळी गोळा केल्या. ते लेखक आणि अभ्यासक होते, मंत्री नव्हते. आपण सरकारकडे बोट दाखवतो तेव्हा ही नावं आठवत जा.

पण राज्यसंस्थेवरचा माझा खरा आरोप कंजूषपणाचा नाही. १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्याची व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, या निमित्तानं पैसे घेतले तरी ती भीक. पकडलेल्याला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं संस्थेत डांबायची तरतूद. वासुदेव पहाटे गातो आणि दान घेतो. बहुरूपी सोंग आणतो आणि दान घेतो. नंदीबैलवाला, डोंबारी, चित्रकथी, भराडी, सगळे या व्याख्येत बसतात. ज्यांच्या वेशातली मुलं शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षिसं मिळवतात, त्यांचं रस्त्यावर उभं राहणं कायद्यानं गुन्हा करून ठेवलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८च्या ऑगस्टमध्ये या कायद्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडच्या एकाही साहित्य संस्थेला त्या निमित्तानं इथे काही करावंसं वाटल्याचं दिसलं नाही. त्याच वर्षी १ जुलैला, म्हणजे यमुनाबाई आणि म्हसे गेल्यानंतर सात आठवडेही झाले नव्हते तेव्हा, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. डवर वाजवत गावोगाव फिरणं ही ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, तो समाज. गावात येणारा अनोळखी भिक्षेकरी ओळखायची रीत गावांनी गमावली होती, आणि तो चोरच असणार हे तर कायद्याच्या भाषेनं कधीच शिकवून ठेवलं होतं. लोकसंस्कृतीच्या शोकप्रस्तावात ती पाच नावं कधी आली?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तो माझ्या विरोधकांचा नाही, माझ्या मित्रांचा आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देतो. ते विचारतात, तुम्हाला नेमकं काय वाचवायचं आहे? मुरळी सोडायची प्रथा? कोल्हाटी समाजात मुलीच्या कमाईवर बापा-भावांनी जगायचं? डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४मध्ये आलं, ते वाचून कुणाची हिंमत होईल लावणीच्या गौरवाची? हलगी ज्या जातीच्या गळ्यात बांधली गेली त्या जातीच्या मुलानं ती फेकून स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेतलं, तर त्यात शोक कसला, पेढे वाटा! मित्रहो, मी पेढे वाटायला तयार आहे. जातीनं लादलेलं कुठलंही काम त्या जातीच्या मुलानं नाकारलं तर तो त्याचा हक्क आहे आणि त्या नाकारण्यात कला बुडत असेल तर बुडू दे. इथपर्यंत आपलं एकमत. पण कला आणि जातीची सक्ती वेगळ्या करता येत नाहीत, हे गृहीतक मला मान्य नाही, आणि ते खोडायला मला कुठल्या पंडिताकडे जावं लागत नाही. सत्यशोधकांनी तमाशाच घेतला, त्यातला गण-गौळणीचा भाव बदलला आणि जलसा केला. आंबेडकरी जलशांनी त्याच साच्यातून पाणी, शाळा, संघटना हे विषय चावडीपर्यंत नेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथकात त्याला लोकनाट्य केलं. १९५८च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करणारे अण्णा भाऊ त्याच फडाच्या परंपरेतून आले होते. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप ही शाहीर माणसं कुणाच्या पाटीलकीची चाकरी करत गात नव्हती. उमप तर २०१०मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले. म्हणजे ज्यांना या कलांचा सर्वाधिक जाच झाला, त्यांनीच त्या टाकल्या नाहीत, ताब्यात घेतल्या. म्हसे यांनीही वेगळं काय केलं? बायकांपुरता, लग्नापुरता असलेला रिवाज मोडला. सक्ती काढायचा मार्ग मोबदला थांबवण्यातून जात नाही. तो दाराची कडी काढण्यातून जातो. कोल्हाट्याच्या मुलीला डॉक्टर होता आलं पाहिजे आणि डॉक्टरच्या मुलीला पगार घेऊन ढोलकी शिकता आली पाहिजे. आज पहिलं अवघड आहे आणि दुसरं अशक्य. ही स्थिती जातिअंताची नाही. जुनी जात आणि नवी गरिबी एकत्र नांदते आहे, बाकी काही नाही.

काही कला जायच्याच, हेही मला मान्य आहे. विजेची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी थांबली. पहाटे उठून दळत बसायला आज कुणाही बाईला सांगायची कुणाची छाती होणार नाही, होऊ नये. पण त्या बाबतीत कुणीतरी आपलं काम केलं होतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. ते दोघं गेल्यावर ‘पारी’ या संकेतस्थळानं २०१७पासून त्या ओव्या आवाजासह लोकांसमोर आणल्या. जिचा प्रसंगच संपला ती कला अशी सन्मानानं निरोप घेऊ शकते. तमाशाचा, भारुडाचा, गोंधळाचा प्रसंग संपलेला नाही. गावजत्रा भरतात, पूर्वीपेक्षा मोठ्या भरतात. लग्नानंतर जागरण-गोंधळ होतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री दशावतारी कंपन्या उभ्या राहतात. लिखित संहिता नाही, दुपारी कथानक ठरतं, रात्री राजा आणि राक्षस समोरासमोर आले की वाक्यं तिथल्या तिथे सुचावी लागतात, आणि समोर बसलेला म्हातारा पुराणातली चूक धरतो. ती कला टिकली, कारण देवळाच्या जत्रेच्या खर्चात तिच्या नावचा आकडा अजून आहे. घाटावरच्या जत्रांच्या वर्गणीत तो आकडा डीजेच्या नावावर गेला. प्रसंग तोच, पैसा तोच, पावतीवरचं नाव बदललं. याला काळाचा महिमा म्हणू नका. ती कमिटीची बैठक होती आणि तिचं इतिवृत्त सापडेल.

आता मोबाइल आहे, सगळं यूट्यूबवर आहे, काही हरवत नाही, असं एक सांत्वन हल्ली मिळतं. त्या व्हिडिओंखाली पाहा काय लिहिलेलं असतं: ‘पारंपरिक’. कॅसेटच्या जमान्यात हीच चिठ्ठी लागली. गोंधळ्यानं पन्नास वर्षं घासून घेतलेली चाल, बापाकडून आलेली, त्यानं वळवलेली. एका दुपारी स्टुडिओत बसवून, एकरकमी पाकीट हातात ठेवून ती घेतली आणि वर लिहिलं पारंपरिक, म्हणजे कुणाची नाही. वारलीच्या रेघेला भौगोलिक मानांकन आहे, तरी कपावरच्या चित्राचा चित्रकार बेनावच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्या कलावंताला ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातल्या मानधनाचा वाटा मिळायची सोय झाली. ती चित्रपटातल्या गायकांनी ओळखली, त्यासाठी संघटना काढल्या. आपल्या किती लोककलावंतांना ती कुणी समजावून सांगितली? वकिलाची फी कुणी दिली? या सभागृहात वकील बसले असतील. त्यांनी संध्याकाळी मला भेटावं.

आणि आता आपण, लेखक मंडळी. आपली बाकी मोठी आहे. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ तमाशाच्या बतावणीवर उभं आहे. ‘घाशीराम कोतवाल’ची ती डोलणारी रांग, तिचं गाणं-बोलणं कोकणातल्या खेळ्यांशिवाय सुचलं नसतं. ‘महानिर्वाण’ कीर्तनाशिवाय नाही. गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ दशावताराशिवाय नाही. आनंद यादवांची ‘नटरंग’ फडाशिवाय नाही. या कृती थोर आहेत आणि घेणं हा गुन्हा नाही, परंपरा अशीच चालते. पण घेतलेलं फेडतो कोण? आपल्या संमेलनांची घडण पाहा. सकाळी ग्रंथदिंडीत पुढे हलगी, लेझीम, वासुदेव, गोंधळी. ग्रंथ पालखीत. दिंडी मांडवाच्या दाराशी आली की ग्रंथ आत जातो आणि हलगी बाहेर राहते. मग रात्री साडेनऊला, परिसंवाद दोन तास उशिरा संपल्यावर, ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून तिला आत बोलावतात, अर्ध्या तासात आटपा म्हणतात. परिसंवादातल्या वक्त्याला विमानभाडं, पथकाला टेम्पोचं डिझेल आणि जेवणाची कुपनं. १८८५ साली महात्मा फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण नाकारताना जे भांडण काढलं ते याच दाराशी होतं. लेखन कुणाचं आणि कष्ट कुणाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. एकशे चाळीस वर्षं आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालून त्याचं उत्तर टाळतो आहोत.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं या संमेलनापुरती एक गोष्ट करतो. माझ्यासमोर शोकप्रस्तावाचा मसुदा ठेवला आहे. त्यात यमुनाबाई, म्हसे, चौगुले, भाकरे, कांताबाई आणि २०२२मध्ये पद्मश्री मिळालेल्या नि त्याच वर्षी १० डिसेंबरला गेलेल्या लावणीगायिका सुलोचनाबाई चव्हाण, अशी नावं आहेत. पुढे ‘कधीही भरून न येणारी पोकळी’. हा मसुदा मी आज मतास टाकणार नाही. प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखून तो कार्यवाहांकडे परत पाठवतो आहे. पहिल्यात त्यांना साथ करणाऱ्यांची नावं आणि ते आज काय करतात. दुसऱ्यात त्यांच्याकडे शिकलेल्यांची नावं आणि त्यांना शिकवायला दरमहा किती लागेल तो आकडा. तिसऱ्यात त्यांचं ध्वनिमुद्रण कुणाकुणाच्या ताब्यात आहे आणि त्यावर कुणाचं नाव छापलं आहे. जे कळणार नाही तो रकाना कोरा ठेवून ठरावासोबत छापायचा. दुसऱ्या रकान्याच्या बेरजेपैकी जेवढं या संमेलनाच्या शिल्लक रकमेतून निघेल तेवढं याच वर्षी द्यायचं, आणि उरलेल्यासाठी सांस्कृतिक कार्य खात्याकडे जायचं, ते शाल घेऊन नाही, बेरीज घेऊन. शिल्लक किती राहील हे कोषाध्यक्षांनी समारोपाच्या सत्राआधी सांगावं. अध्यक्षांच्या मानधनाचं पाकीट त्यात आधीच धरावं. आणि आज रात्रीचं पथक साडेनऊला नाही, आत्ता, माझ्यानंतर लगेच उभं राहील. परिसंवादाच्या वक्त्यांनी कृपया बसून घ्यावं.